बोंडअळीपासून फळगळीपर्यंत: फीड रीडर लावायचा कसा आणि टिकवायचा कसा

पऱ्हाटीला पात्या लागल्या की गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत बोंडअळीचे फोटो फिरू लागतात. फोटो कुठल्या वावरातला, कोणत्या वर्षाचा, खाली लिहिलेली औषधाची मात्रा कोणी ठरवली, यातलं काहीच कळत नाही. खरी माहिती तारखेसह आणि नावासह कुठल्यातरी संशोधन संस्थेच्या किंवा अभ्यासकाच्या पानावर पडलेली असते. पण रोज दहा-पंधरा पानं उघडून बघायला वेळ कोणाला आहे? ते काम फीड रीडर करतो. आपण नेमून दिलेल्या जागी नवं काही आलं की तो ते उचलून आणतो आणि तारीखवार एका यादीत ठेवतो. काय आधी दाखवायचं, काय दाबून ठेवायचं, हे तो स्वतःच्या मनाने ठरवत नाही. फेसबुक-यूट्यूबच्या पडद्यात आणि यात मुख्य फरक हाच.

पुढची मांडणी कृषी सेवा केंद्र चालवणारे, शेतकरी उत्पादक कंपनीत काम करणारे, गावातच राहिलेले कृषी पदवीधर आणि वाचायची सवय असलेले बागायतदार डोळ्यासमोर ठेवून केली आहे. उदाहरणं कापूस, तूर आणि संत्र्याची आहेत. विषय मधमाशीपालन, शेळ्या किंवा सौरपंप असला तरी रीत बदलत नाही.

आत काय चालतं

ब्लॉग किंवा बातम्यांचं संकेतस्थळ आपल्या पानांबरोबरच एक फाइल तयार ठेवतं. तिच्यात शेवटच्या काही लेखांची शीर्षकं, तारखा, दुवे आणि थोडा किंवा पूर्ण मजकूर असतो. या फाइलला फीड म्हणतात. तिचे दोन साचे चालतात: १९९९ साली आलेला आरएसएस आणि २००५ साली प्रमाण ठरलेला अ‍ॅटम. वाचणाऱ्याला त्यातला फरक जाणवत नाही, रीडर दोन्ही वाचतो.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, कारण रीडर कोणता घ्यायचा ते तिच्यावर ठरतं. फीडमध्ये सगळे जुने लेख नसतात. वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवायच्या साधनावर उभ्या असलेल्या संकेतस्थळाने मुद्दाम बदल केला नसेल तर फीडमध्ये शेवटचे १० लेखच असतात. यूट्यूब चॅनलच्या फीडमध्ये शेवटचे १५ व्हिडिओ असतात. म्हणजे रोज दोन-तीन लेख टाकणारी जागा आठवडाभर तपासली नाही, तर मधले लेख हातचे गेले.

रीडर कोणता

रीडर दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत फीड तपासण्याचं काम कंपनीचा सर्व्हर करतो. फीडली, इनोरीडर आणि द ओल्ड रीडर यांपैकीच आहेत. तुमचा फोन चार दिवस बंद असला, गावातला टॉवर पडला, तरी सर्व्हर तिकडे गोळा करत राहतो. मोफत खात्यात फीडच्या संख्येवर मर्यादा असते, पण सुरुवातीला लागतील त्याच्या कितीतरी पट जागा मिळते. अडचण ही की नेटवर्क नसताना वाचण्याची सोय मोफत खात्यात बहुधा नसते.

दुसऱ्या जातीत तपासणी तुमचाच फोन किंवा संगणक करतो. अँड्रॉइडवर ‘फीडर’ नावाचं मोफत, मुक्त स्रोत अ‍ॅप आहे. त्याला खातं लागत नाही, जाहिराती नाहीत, आणि एकदा उतरवलेला मजकूर वावरात बसूनही वाचता येतो. संगणकावर ‘थंडरबर्ड’ या ईमेलच्या मोफत प्रोग्राममध्ये फीड वाचण्याची सोय आधीपासून आहे. पण इथे फोन बंद राहिला तर तपासणीही बंद, आणि फोन हरवला तर यादीही गेली.

निवड अशी करावी. एकच फोन आहे, घरी नेटवर्क येतं-जातं, पण दिवसातून एकदा तरी रेंज मिळते, तर फीडर घ्या. केंद्रात किंवा कंपनीच्या कार्यालयात संगणक रोज सुरू असतो, तर थंडरबर्ड. फोन आणि संगणक दोन्हीवर तीच यादी हवी किंवा दिवसेंदिवस उघडणं होत नाही, तर फीडली किंवा इनोरीडर. दोन-तीन अ‍ॅप एकदम लावून बघू नका, कारण कुठे काय वाचलं याचा गोंधळ होतो आणि पंधरा दिवसांत सगळंच सुटतं.

आधी विषय बारीक करा

‘शेती’ हा विषय होत नाही. ‘कापूस’सुद्धा मोठा आहे. त्यात बियाणं, कीड, जिनिंग, वायदे बाजार, सरकारी खरेदी आणि निर्यात एवढं सगळं येतं. फीड शोधण्याआधी कागदावर तीन-चार ओळी लिहा: मला नेमकं काय कळायला हवं आणि कळल्यावर मी काय करणार? वरूड-मोर्शीकडच्या बागायतदारासाठी त्या अशा असू शकतात: अंबिया बहाराची फळगळ, डिंक्या, कोळशी, सिट्रस सायला, आणि संत्र्याच्या निर्यातीचे नियम. यवतमाळकडच्या केंद्रचालकासाठी: गुलाबी बोंडअळी, बोंडसड, तुरीवरची शेंगा पोखरणारी अळी, आणि कीटकनाशकांच्या नोंदणीतले बदल. या ओळींत न बसणारा फीड कितीही चांगला असला तरी घ्यायचा नाही. हा कठोरपणा सुरुवातीलाच दाखवला नाही तर महिनाभरात यादीत हजार न वाचलेले लेख साचतात.

फीड शोधणं

सोपा मार्ग आधी. फीडर अ‍ॅपमध्ये मेनूतून फीड जोडण्याचा पर्याय घ्या, संकेतस्थळाचा साधा पत्ता चिकटवा आणि शोधा. संकेतस्थळाने आपला फीड पानाच्या आत नोंदवलेला असेल तर रीडर तो आपसूक शोधून नाव दाखवतो. कधी दोन नावं दिसतात, एक लेखांचं आणि एक प्रतिक्रियांचं. लेखांचं निवडा. थंडरबर्डमध्ये आधी ब्लॉग आणि बातम्यांसाठीचं वेगळं खातं उघडावं लागतं, मग त्यात पत्ते जोडायचे.

आपोआप सापडलं नाही तर हाताने प्रयत्न करायचा. वर्डप्रेसच्या संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहा, म्हणजे एफ, दोनदा ई, डी. संपूर्ण संकेतस्थळ नको, त्यातलं एकच सदर हवं असेल तर त्या सदराचं पान उघडून त्याच्या पत्त्यापुढे तेच जोडा. मोठ्या कृषी वृत्तस्थळावरून फक्त फळबागांचं सदर घ्यायला ही युक्ती फार उपयोगी पडते आणि ती फारशी कोणी वापरत नाही. ब्लॉगरवरच्या ब्लॉगला पत्त्यापुढे फीड्स, पोस्ट्स, डीफॉल्ट हे तीन इंग्रजी शब्द ओळीने, प्रत्येकाआधी स्लॅश देऊन लिहायचे. यूट्यूबसाठी चॅनलच्या मुख्य पानाचा पत्ता चिकटवला तरी बरेच रीडर फीड ओळखतात. मराठीतलं शेतीचं ज्ञान आज मोठ्या प्रमाणात व्हिडिओंतच आहे, त्यामुळे चॅनल वगळून चालणार नाही. रीडरमधून बघण्याचा फायदा असा की शीर्षक आणि तारीख दिसते आणि गरज असेल तोच व्हिडिओ उघडला जातो. बाजूला ‘हे पण बघा’ची रांग लागत नाही.

शोधनिबंधांसाठी पबमेड हे निबंधांचे सारांश शोधून देणारं संकेतस्थळ वापरा. तिथल्या शोधपेटीत किडीचं शास्त्रीय नाव टाका. गुलाबी बोंडअळीचं पेक्टिनोफोरा गॉसिपिएला, सिट्रस सायलाचं डायफोरिना सिट्राय. इंग्रजी स्पेलिंग विद्यापीठाच्या घडीपत्रिकेत मिळतं, तिथून जसंच्या तसं उतरवा. शास्त्रीय नाव घ्यायचं कारण असं की बोलीतली आणि इंग्रजी नावं देशागणिक बदलतात, हे बदलत नाही. निकाल आले की शोधपेटीखाली ‘क्रिएट आरएसएस’ दिसतं. ते दाबून मिळालेला पत्ता रीडरमध्ये टाका. पबमेडचा मुख्य भर वैद्यकीय विषयांवर आहे, तरी कीटकांवरचं आणि कीटकनाशक-प्रतिकारावरचं बरंच संशोधन तिथे नोंदलं जातं. पूर्ण निबंध अनेकदा पैसे भरल्याशिवाय उघडत नाही, पण सारांशात मुख्य निष्कर्ष असतोच.

ज्या जागांचा फीडच नाही त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली गूगल अलर्ट, म्हणजे ठरवलेला शब्द नव्याने कुठे आला की कळवणारी गूगलची सोय. आपल्या गूगल खात्यातून तिथे जाऊन शब्द टाका, जादा पर्याय उघडा, भाषा मराठी आणि प्रदेश भारत निवडा, आणि ‘कुठे पाठवायचं’ यात ईमेलऐवजी आरएसएस फीड घ्या. अलर्ट तयार झाल्यावर त्याच्या नावाशेजारी फीडचं चिन्ह दिसतं, त्याचा दुवा रीडरमध्ये टाका. गूगल न्यूजमध्येही अशी सोय करता येते: शोध घेतल्यावर वर जो पत्ता दिसतो, त्यात संकेतस्थळाच्या नावानंतर लगेच स्लॅश देऊन इंग्रजीत ‘आरएसएस’ घातलं की त्या शोधाचाच फीड होतो.

दुसरी वाट पानावर नजर ठेवणाऱ्या साधनांची, उदाहरणार्थ डिस्टिल. सरकारी संकेतस्थळांवर फीड क्वचितच असतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं किंवा केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचं, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं सूचनांचं पान यासाठी निवडता येतं. मात्र पूर्ण पानावर पहारा बसवू नका. सरकारी पानाच्या तळाशी भेट देणाऱ्यांची संख्या आणि ‘शेवटचा बदल’ अशी तारीख असते. ते आकडे सारखे हलतात आणि साधन दर तासाला खोटी वर्दी देतं. फक्त सूचनांच्या यादीची चौकट निवडा. दिवसातून एकदा तपासलं तरी पुरतं. एक अडचण मात्र राहतेच: काही परिपत्रकं छापील कागदाचा फोटो काढून टाकलेली असतात, तर काही युनिकोडच्या आधीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. अशा मजकुरात शब्द शोधला तर काहीच सापडत नाही. तिथे शीर्षक बघून स्वतः उघडण्याला पर्याय नाही.

मराठी शब्दांची चाळण

फीड जास्त झाले की शब्दांवरून चाळण लावावी लागते. इनोरीडरसारख्या ठिकाणी अशा बऱ्याच सोयी पैसे भरल्यावर मिळतात. थंडरबर्डमध्ये ‘मेसेज फिल्टर्स’ मोफत आहेत आणि ते फीडच्या खात्यावरही चालतात. शीर्षकात अमुक अक्षरं असतील तर तारा लाव किंवा त्या फोल्डरमध्ये टाक, असा नियम करायचा. अनेक शब्द देताना ‘सगळे जुळले तर’ नव्हे, ‘कोणताही एक जुळला तर’ हा पर्याय घ्या.

खरी मेख मराठीच्या विभक्तीत आहे. यंत्र व्याकरण बघत नाही, अक्षरांची ओळ जुळवतं. ‘संत्रा’ असा शब्द दिला तर ‘संत्र्याला विक्रमी भाव’ हे शीर्षक सुटतं. म्हणून नुसतं ‘संत्र’ द्यायचं. मग संत्रा, संत्री, संत्र्याची हे सगळं येतं. ‘कापूस’ दिला की ‘कापसाची आवक’ निसटते, तिथे ‘कापूस’, ‘कापस’ आणि ‘कपाशी’ असे तीन शब्द लागतात. ‘बोंडअळी’ दिली तर ‘बोंडअळ्या’ सुटतात आणि मध्ये जागा सोडून लिहिलेली ‘बोंड अळी’ही. म्हणून ‘बोंडअळ’ आणि ‘बोंड अळ’ असे दोन. हरभऱ्याची गंमत आणखी वेगळी: ‘हरभरा’मधला र आणि ‘हरभऱ्या’मधला ऱ ही संगणकाच्या लेखी वेगवेगळी अक्षरं असू शकतात. तिथे ‘हरभ’ एवढ्यावरच थांबायचं. ‘पऱ्हाटी’ तर दोन-तीन प्रकारे टंकली जाते आणि डोळ्यांना सारखीच दिसते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका.

उलट बाजूही आहे. ‘तूर’ दिलं की लातूरची प्रत्येक बातमी आत येते. मग लातूर वगळावं म्हटलं, तर तुरीच्या मोठ्या बाजारपेठेच्याच बातम्या जातात. यावर उपाय ‘तुरी’. शीर्षकांत हा शब्द बहुतेक वेळा ‘तुरीचे’, ‘तुरीवर’, ‘तुरीला’ असाच येतो, आणि ‘तुरी’मध्ये लातूर बसत नाही. जोडीला ‘तूरडाळ’ द्या. पुराच्या बातम्यांसाठी ‘पूर’ टाकलं तर नागपूर, चंद्रपूर, सोलापूर सगळे दारात उभे राहतात. ‘पुराच्या’, ‘पुरामुळे’, ‘पूरस्थिती’ द्या. उसासाठी ‘ऊस’ टाकलात तर पाऊसही येतो. नवी चाळण लावली की आठवडाभर तिने बाजूला काढलेलं काय आहे ते एकदा बघून घ्या. चाळणीची चूक तेव्हाच कळते.

गूगल अलर्टचं तंत्र थोडं वेगळं, तिथे अर्धवट शब्द चालत नाही. शब्दाची दोन-तीन रूपं लिहून मध्ये इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘ऑर’ घालायचं. दोन शब्द एकत्रच हवे असतील तर अवतरणचिन्हांत टाका, आणि नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह द्या.

फोल्डर विषयावरून लावू नका

विषयावरून फोल्डर केले की कापूस, संत्रा, तूर, बाजार असे दहा होतात आणि प्रत्येक उघडावा लागतो. त्यापेक्षा वाचण्याच्या निकडीवरून तीनच करा. पहिला ‘रोज’: यात पाच-सहापेक्षा जास्त फीड नकोत, आणि हंगामात ज्यावर दोन दिवसांत काही करावं लागेल तेवढेच ठेवा. दुसरा ‘आठवडी’: शोधनिबंध, परदेशी विस्तारसेवा (विद्यापीठातलं संशोधन शेतकऱ्यांपर्यंत पोचवणारे विभाग), लांबलचक लेख. आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्याला रेंज चांगली मिळते, त्या दिवशी हा उघडायचा. तिसरा ‘चाळणी’: गूगल अलर्ट, भारंभार बातम्या देणाऱ्या जागा आणि महिनाभर पारखायला घेतलेले नवे फीड. यातलं सगळं न वाचता पुसून टाकलं तरी काही बिघडत नाही. रीडर फोल्डरांची नावं अक्षरक्रमाने लावत असेल तर नावाआधी १, २, ३ लिहा.

हंगामी फीड काढून टाकण्यापेक्षा ‘रोज’मधून ‘चाळणी’त ढकला. संत्र्याच्या फळगळीचं वाचन ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रोज लागतं, जानेवारीत ते मागे पडतं.

सुरुवात दहा-बारा फीडनी करा. महिना झाला की प्रत्येक फीड उघडून एकच प्रश्न विचारा: यातलं गेल्या महिन्यात काय वापरलं? उत्तर नसेल तर काढा. पूर्ण यादी चाळीसच्या वर गेली की ती सांभाळणं हेच काम होऊन बसतं.

डेटा, बॅटरी आणि रेंज

फीडमधला मजकूर हलका असतो, डेटा खातात ते फोटो. फीडरच्या सेटिंगमध्ये चित्रं फक्त वायफायवर उतरवण्याचा पर्याय आहे, तो सुरू करा. घरी वायफाय नसेल तर चित्रं नेहमीसाठी बंद राहतात असं समजा, कीड ओळखायची असेल तेव्हा तो लेख ब्राउझरमध्ये उघडा. तपासणीचं अंतर दर तासाला ठेवण्याची गरज नाही. सहा किंवा बारा तास पुरेसे आहेत. ‘फक्त वायफायवर तपास’ हा पर्याय मात्र गावात बंदच ठेवा, नाहीतर काहीच येणार नाही. आणि रोज भरपूर लिहिणारी जागा असेल तर वर सांगितलेली दहा लेखांची मर्यादा आठवा: तिथे बारा तासांपलीकडे जाऊ नका.

काही फीडमध्ये फक्त पहिल्या चार ओळी असतात. अशा फीडपुरता ‘पूर्ण लेख उतरव’ हा पर्याय सुरू केला की रेंज असतानाच सगळा मजकूर येऊन पडतो. सगळ्या फीडना हे लावू नका, डेटा आणि जागा दोन्ही जातात.

बऱ्याच स्वस्त फोनांची एक खोड आहे: बॅटरी वाचवण्यासाठी ते मागे चालणारं अ‍ॅप मारून टाकतात. मग अ‍ॅप उघडेपर्यंत काही येतच नाही आणि दोष फीडला दिला जातो. फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपची बॅटरीवरची बंधनं काढा आणि पार्श्वभूमीत चालायला परवानगी द्या.

वाचायची शिस्त

वीस मिनिटं पुरतात. पहिल्या पाच मिनिटांत फक्त शीर्षकं बघत खाली जा आणि जास्तीत जास्त पाचांना तारा लावा. उरलेलं एका बटणाने ‘वाचलं’ करून टाका, मग ते खरंच वाचलेलं असो वा नसो. न वाचलेल्यांचा आकडा हे कर्ज नव्हे. मग तारा लावलेले लेख नीट वाचा.

वाचलेलं वहीत उतरवलं तरच उरतं. तारीख, कुठून घेतलं, पीक, आणि एक ओळ. ओळ अशी हवी की तिच्यावरून वावरात काहीतरी मोजता येईल. ‘बोंडअळीपासून सावध राहा’ ही नोंद बिनकामाची. ‘कामगंध सापळे हेक्टरी ५; सलग तीन रात्री सापळ्यामागे रोज ८ पतंग सापडले, किंवा १० टक्के हिरवी बोंडं किडलेली निघाली, तर उपाय’ ही कामाची. अशा नोंदी पिकावर आणि महिन्यावर लावून ठेवल्या की पुढच्या हंगामात वही आधी उघडते, रीडर नंतर.

परदेशी मजकूर वाचताना

कापूस आणि लिंबूवर्गीय फळांवरचं उत्तम लेखन अमेरिकी विद्यापीठांच्या विस्तारसेवांकडून येतं. ते वाचावं, पण जसंच्या तसं उचलू नये. अमेरिकेने गुलाबी बोंडअळी आपल्या कापूसपट्ट्यातून हटवल्याचं २०१८ साली जाहीर केलं. तिथे वांझ पतंग सोडणं, बीटी कापूस, कामगंधाने नर-मादीची भेट रोखणं, आणि ठरलेल्या तारखेआधी पऱ्हाट्या गाडणं हे सगळं एका वेळी, संपूर्ण भागात झालं. एकट्या दहा एकरवाल्याने त्यातला एक तुकडा उचलून तोच परिणाम धरू नये. फ्लोरिडात संत्र्यावरचा ग्रीनिंग रोग २००५ साली आढळला आणि तेव्हापासून तिथे त्यावर प्रचंड लिहिलं गेलं आहे. हा रोग पसरवणाऱ्या सिट्रस सायलाची ओळख, रोगट झाडाची लक्षणं, रोपवाटिकेची काळजी हे सगळं आपल्यालाही लागू पडतं. तिथली औषधं आणि मात्रा लागू पडतीलच असं नाही. ब्राझीलचं वाचत असाल तर ऋतू सहा महिने उलटे आहेत हे ध्यानात ठेवा.

मापांचा गोंधळ नेहमीचा आहे. एकरी १ पौंड म्हणजे हेक्टरी १.१२ किलो. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, फ्लुइड औंस सुमारे २९.६ मिलिलिटरचा. कापसाचं उत्पादन तिकडे रुईत सांगतात. ‘हेक्टरी ९०० किलो’ वाचून आपला कापूस त्याच्याशी ताडू नका; सरकीसह आपला तो आकडा जवळपास तिप्पट धरावा लागेल, कारण क्विंटलभर कापसातून ३३ ते ३५ किलोच्या आसपास रुई निघते. त्यांची गाठ ४८० पौंडांची, म्हणजे सुमारे २१८ किलोची, आपली १७० किलोची. वायद्याचा भाव पौंडाला सेंटमध्ये असतो. ७० सेंट भाव असेल तर किलोला १.५४ डॉलर आणि ३५६ किलोच्या खंडीला सुमारे ५४९ डॉलर. त्याला त्या दिवशीच्या डॉलरच्या दराने गुणा. हा भाव नुसत्या रुईचा आहे, सरकीचे पैसे वेगळे.

औषधाचं नाव कुठूनही आलेलं असो, फवारणीआधी एक गोष्ट तपासायचीच: केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे ते औषध त्या पिकासाठी आणि त्या किडीसाठी नोंदलेलं आहे का. यालाच लेबल क्लेम म्हणतात. बाटलीवरच्या कागदावर पीक, कीड, मात्रा आणि काढणीआधी थांबायचे दिवस छापलेले असतात. लेख आणि लेबल यांत फरक असेल तर लेबल खरं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेले. दोन-तीन औषधं एकत्र करण्याचे सल्ले फीडमध्ये दिसले तर ते केवळ वाचून पुढे पाठवू नका.

फीड रीडर ज्यासाठी नाही

फीड तासातासाने तपासला जातो, कधी त्याहूनही उशिरा. म्हणून विजेचा इशारा, पुढच्या काही तासांतला पाऊस, आजचा बाजारभाव यासाठी तो वापरायचा नाही. विजेसाठी ‘दामिनी’ आणि हवामान सल्ल्यासाठी ‘मेघदूत’ ही अ‍ॅप आहेत. कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, ते दोन दिवस वहीत ठरवून टाका.

बिघडतं कुठे

फीड अचानक गप्प झाला तर आधी संकेतस्थळ उघडून बघा. तिथे नवे लेख दिसत असतील तर संकेतस्थळाची रचना बदलली असेल आणि फीडचा पत्ता हलला असेल. जुना काढून पहिल्यासारखा शोध घ्या. रीडर ४०४ दाखवतो तेव्हा हेच झालेलं असतं. ४०३ दिसलं तर संकेतस्थळाने रीडरच्या सर्व्हरला अडवलं आहे. काही सरकारी संकेतस्थळं भारताबाहेरच्या सर्व्हरला उघडतच नाहीत. तोच फीड फोनवरच्या अ‍ॅपमध्ये टाकून बघा, बहुधा चालतो.

जुने लेख एकदम ‘नवे’ म्हणून परत आले तर घाबरायचं कारण नाही. संकेतस्थळाचा पत्ता बदलला किंवा त्यांनी लेखांचे ओळख-क्रमांक बदलले की रीडरला ते नवे वाटतात. सगळे एकदम ‘वाचलं’ करा. यापेक्षा त्रासदायक प्रकार म्हणजे जुन्या लेखात किरकोळ दुरुस्ती करून त्यावर आजची तारीख टाकणं. लेखात कुठल्या हंगामाचा उल्लेख आहे, फोटोत पीक कोणत्या अवस्थेत आहे, ते बघितलं की उघडकीला येतं.

ब्लॉग बंद पडतो, त्याचं नाव दुसराच कोणी विकत घेतो आणि शेतीच्या फीडमधून सट्ट्याच्या जाहिराती येऊ लागतात. असा फीड त्याच क्षणी काढा, आतले दुवे दाबू नका. आणि अलीकडे यंत्राने भराभर पाडलेल्या शेतीलेखांचं पीक आलं आहे. ते ओळखायला सोपे असतात: भाषा गुळगुळीत, पण जमीन कोणती, वाण कोणतं, मात्रा किती, जिल्हा कुठला, यातलं काहीच नाही. एक लेख असा दिसला तर सोडून द्या, तीन दिसले तर फीड काढा.

यादी जपून ठेवणं

गूगलचा रीडर २००५ साली सुरू झाला आणि १ जुलै २०१३ ला बंद झाला. ज्यांनी आपली यादी उतरवून ठेवली होती ते काही मिनिटांत दुसरीकडे गेले. प्रत्येक चांगल्या रीडरमध्ये यादी बाहेर काढण्याची सोय असते. सेटिंगमध्ये ‘ओपीएमएल एक्सपोर्ट’ शोधा. मिळणारी फाइल अगदी छोटी असते. तिच्यात फीडचे पत्ते आणि फोल्डर असतात, लेख किंवा तारे नसतात. तीन महिन्यांतून एकदा ती काढून स्वतःलाच ईमेल करा.

हीच फाइल दुसऱ्यालाही देता येते. शेजारच्या गावातल्या बागायतदाराला ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. त्याने ती थेट दाबून उघडायची नाही, कारण फोन ‘उघडणारं अ‍ॅप नाही’ असं सांगेल. फाइल आधी फोनमध्ये उतरवून घ्यायची, मग रीडरच्या मेनूतून ‘इम्पोर्ट’ घेऊन डाउनलोड्समधून निवडायची. पहिल्या तपासणीत सगळे फीड एकदम उतरतात, त्यामुळे हे रेंज असलेल्या जागी करावं. चालू झालं की पहिल्याच आठवड्यात त्याच्या वावरात नसलेल्या पिकाचे फीड काढून टाकायला त्याला सांगा.